दान नको, वही दे!

(औंढा नागनाथ तालुक्यातल्या एका वस्तीवर ५ नोव्हेंबर २०२५ च्या पौर्णिमेला तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय.)



सकाळपासून टीव्हीवाले बोंबलतायत, सुपरमून, सुपरमून! मोबाइल उघडला की टोपल्याएवढा चंद्र, त्याच्या पुढ्यात कुठलीतरी इमारत, आणि खाली लिहिलंय, आज आभाळात अवाढव्य चंद्र दिसणार. पलीकडच्या चॅनेलवर दुसरी बोंब. आजची रात्र जड, अमक्या राशीनं बाहेर पडू नये, तमक्या राशीला धनलाभ. एक म्हणतो आ वासून बघ, दुसरा म्हणतो भिऊन घरात बस. तू स्वतःच्या डोक्यानं बघावंस हे मात्र दोघांनाही नकोय. तुम्ही मला कविता वाचायला बोलावलंत. आज कविता नाही. आज चंद्राचा हिशोब.

हिशोब म्हटला की आधी मागची थकबाकी काढावी लागते.

पांढरपेशा कवीचा चंद्राशी संबंध प्रेयसीच्या तोंडापुरता. कोजागिरीला गच्चीवर आटीव दूध, त्यात बदाम-केशर, त्यात चंद्राचं प्रतिबिंब, मग गाणी. आपला संबंध गिराणाचा. चंद्राला गिराण लागलं की मांगवाड्यातली, महारवाड्यातली माणसं झोळी घेऊन गावात फिरायची, दारोदार ओरडायची, ‘दे दान, सुटे गिराण!’ मग गाव दार किलकिलं करायचं आणि पसाभर जोंधळे, जुनेर, फाटकं धडुतं वरून झोळीत टाकायचं. हात न लागता.

आपल्यालाच दान का? पुराण काय म्हणतं ऐका. देवदानवांनी मिळून समुद्र घुसळला. मेहनत दोघांची. अमृत निघालं तेव्हा पंगत मात्र देवांची. राहू वेश बदलून त्या पंगतीत जाऊन बसला. सूर्य-चंद्रानं चुगली केली. विष्णूनं चक्र फेकलं, घोट घशाखाली उतरायच्या आत मुंडकं उडालं. तेव्हापासून म्हणे ते मुंडकं चंद्राचा डूख धरून आहे. आणि गावानं काय केलं? त्या राहूला आपली जात चिकटवली. राहूच्या जातवाल्याला चार दाणे टाकले की राहू चंद्राला सोडतो! दोस्तांनो, ही गोष्ट परत एकदा मनात वाचा. पंगतीत बसला म्हणून मुंडकं कापलं जाणारा आपलाच, आणि त्याच मुंडक्याच्या नावानं उष्टं गोळा करणाराही आपलाच. चंद्र आभाळातला, आणि त्याची सावली पडली ती आपल्या झोळीत.

याच वर्षी ७ सप्टेंबरच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण झालं. अकराच्या सुमाराला चंद्र पृथ्वीच्या सावलीत पुरता बुडाला आणि जवळजवळ ८२ मिनिटं तिथंच होता. कुठल्या मिनिटाला शिरणार, कुठल्या मिनिटाला सुटणार हे कितीतरी आधी छापलेलं होतं. जिथं ढग होते तिथं दिसलं नाही. पण सुटायचं ते सुटलंच. कुणाच्या पसाभर जोंधळ्यावर ते अडलं नव्हतं. सावली पृथ्वीची होती, म्हणजे आपल्या सगळ्यांची. बामणवाड्याचीही तिच्यातच होती.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ते सगळं फेकून दिलं आणि आपल्यालाही फेकायला लावलं. आपल्या आयाबायांनी झोळी टाकली. गाव म्हणालं, माजलेत. पण एक गोष्ट राहिली. झोळी गेली, तिच्या जागी हातात काय घ्यायचं? मी म्हणतो, वही.

का म्हणतो सांगतो. वेसकर महार रात्र रात्र वेशीवर जागायचा. चंद्र कधी उगवतो, कुठल्या झाडामागून उगवतो, कुठल्या महिन्यात डोक्यावरून जातो आणि कुठल्या महिन्यात कडेकडेनं, हे त्याच्याइतकं गावात कुणी पाहिलं नसेल. ऊसतोड करणारी आपली माणसं आजही दिवाळीनंतर बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून जातात आणि अंधाऱ्या पहाटे फडात उतरतात. चांदणं असलं तर कोयता बरा दिसतो. बघण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या आपलं. पण लिहिण्याचं काम दुसऱ्याचं. पाहणाऱ्याला लिहू दिलं नाही, आणि लिहिणाऱ्यानं न बघताच तिथी-मुहूर्त विकले. सुपरमूनच्या निमित्तानं ही वाटणी मोडायची.

आता सुपरमून म्हणजे काय ते साध्या भाषेत.

चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, पण ती वाट गोल नाही. किंचित चेपलेली आहे, आणि पृथ्वी तिच्या बरोबर मध्यावर नाही, एका बाजूला सरकलेली. म्हणून चंद्र कधी जवळ येतो, कधी लांब जातो. सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. जवळ येतो तेव्हा साधारण ३,५७,००० पर्यंत, लांब जातो तेव्हा ४,०६,००० पर्यंत. जवळच्या टोकाला पुस्तकात उपभू म्हणतात, लांबच्या टोकाला अपभू. जवळच्या टोकापासून निघून परत जवळच्या टोकाला यायला त्याला साडेसत्तावीस दिवस लागतात. आणि पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस.

समजा, दोन कामगार आहेत. एकाची सुट्टी सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांनी येते, दुसऱ्याची एकोणतीस-तीस दिवसांनी. दोघांची सुट्टी एकदा एकाच दिवशी आली की पुढच्या खेपेला दोन दिवसांनी चुकणार, त्याच्या पुढच्या खेपेला चार दिवसांनी. असं चुकत चुकत परत कधी जुळणार? पहिल्याच्या १५ सुट्ट्या आणि दुसऱ्याच्या १४ सुट्ट्या झाल्या की. दोन्हींचे दिवस मोजा, ४१३ येतात. म्हणजे चौदा पौर्णिमांनी एकदा चंद्र पूर्ण उजळलेलाही असतो आणि अगदी जवळही असतो. त्याच्या एक पौर्णिमा अलीकडे-पलीकडे तो जवळपासच असतो, म्हणून सुपरमून एकदम दोन-तीन लागोपाठ येतात. आजचा ५ नोव्हेंबरचा या वर्षातला सगळ्यात जवळचा, साधारण ३,५७,००० किलोमीटरवर. पुढचा ४ डिसेंबरला. आजपासून सातवी पौर्णिमा ३१ मे २०२६ ची, तेव्हा चंद्र ४,०६,००० किलोमीटरवर, लांबच्या टोकाला. चौदावी पौर्णिमा २४ डिसेंबर २०२६ च्या सकाळी पूर्ण होते, तेव्हा परत आजच्यासारखा जवळ. यात राशी कुठं आली? देव कुठं आला? हा दोन पाळ्यांचा हिशोब आहे, आणि पाळ्यांचा हिशोब आपल्याला कुणी शिकवायला नको.

जवळ म्हणजे किती मोठा? सगळ्यात लांबच्या पौर्णिमेच्या मानानं आजचा चंद्र १४ टक्के रुंद, आणि साधारण ३० टक्के जास्त उजेडाचा. ऐकायला मोठं वाटतं. पण २१ सेंटिमीटरची भाकर आणि २४ सेंटिमीटरची भाकर शेजारी शेजारी ठेवा, लहान पोरगंही मोठी उचलेल. तीच एक भाकर आज खा आणि दुसरी सात महिन्यांनी खा, मग कोण छातीठोक सांगेल की ती लहान होती? लांबचा चंद्र आज शेजारी टांगलेला नाही. म्हणून टीव्हीवाला अवाढव्य म्हणाला तरी नुसत्या डोळ्याला आजचा चंद्र नेहमीसारखाच दिसणार. कुणी म्हणालं मला केवढा मोठा दिसला, तर त्याला विचारा, कशापेक्षा?

आता या नावाची गंमत ऐका. सुपरमून हा शब्द कुठल्या वेधशाळेत जन्मला नाही. १९७९ साली अमेरिकेतल्या रिचर्ड नोल नावाच्या ज्योतिष्यानं एका राशिभविष्याच्या मासिकात तो पहिल्यांदा छापला. चंद्र जवळच्या टोकाच्या ९० टक्क्यांच्या आत असताना अमावस्या किंवा पौर्णिमा आली की तो सुपरमून, ही व्याख्या त्याचीच. नव्वदच का, पंच्याऐंशी का नाही, याला खगोलशास्त्रात आधार नाही. आणि ज्योतिष्याच्या त्या शब्दावर आज जगभरचे टीव्हीवाले पोट भरतात.

नावाचं राजकारण काय असतं हे या मराठवाड्यात मी सांगायला पाहिजे का? २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ चंद्रावर उतरलं. उतरलेल्या जागेला तीन दिवसांत नाव मिळालं, शिवशक्ती. तीन दिवस! आणि इथं विधिमंडळानं २७ जुलै १९७८ ला ठराव करूनसुद्धा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. साडेपंधरा वर्षं. मधल्या काळात आपल्या वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. चंद्रावरच्या धुळीला पुराणातलं नाव तीन दिवसांत, आणि विद्यापीठाला माणसाचं नाव द्यायला साडेपंधरा वर्षं. यान उडवणाऱ्या शास्त्रज्ञांबद्दल मला आदर आहे. पण नाव कोण ठेवतो हा प्रश्न आपण सोडायचा नाही.

ज्योतिष्यांचा हिशोबही एकदा झालेला आहे. पुण्याच्या आयुकाचे जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी महाराष्ट्रातल्या ज्योतिष्यांची परीक्षा घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका. प्रत्येक ज्योतिष्याला त्यातल्या चाळीस दिल्या आणि म्हणाले, सांगा कुठली कुणाची. २७ जणांनी उत्तरं दिली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० टक्के आली असती. २००९ साली हे छापून आलं. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या. हिशोब मागणाऱ्याचं काय करतात हेही नोंदवून ठेवा. बुद्धानं कालामांना काय सांगितलं होतं? ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. तपासा. मी इथं उभा राहून बोलतोय ते पण तपासा.

कसं तपासायचं? दुर्बीण लागत नाही. पैसा लागत नाही.

शाळेत असते ती लाकडी मीटरपट्टी घ्या. एका टोकाला पुठ्ठ्याचा तुकडा उभा लावा, त्याला दाभणानं बारीक भोक पाडा. हे डोळ्याशी. दुसरा पुठ्ठा पट्टीवर पुढे-मागे सरकेल असा बसवा, त्याला सहा मिलिमीटरचं गोल भोक. आता एक डोळा मिटा, बारक्या भोकातून मोठ्या भोकाकडे बघा, आणि त्यात चंद्र धरा. पुढचा पुठ्ठा सरकवत न्या. चंद्र त्या भोकात काठोकाठ बसला की थांबा आणि पट्टीवरचा आकडा वाचा. आज तो ६२ सेंटिमीटरच्या आसपास येईल. ३१ मे ला ७० च्या आसपास. आठ सेंटिमीटरचा फरक! डोळ्याला न दिसणारा फरक पट्टीवर चांगला चार बोटं दिसतो. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकेतल्या टेक्सासमधले खगोलशास्त्रज्ञ केविन क्रिसियुनस यांनी असंच, पुठ्ठ्याला भोक पाडून, पट्टीवर सरकवून चंद्राची वाट गोल नाही हे मोजलं आणि २०१० मध्ये छापलं. पुठ्ठा आणि पट्टी. दोन्ही आपल्या वस्तीत आहेत.

आणखी एक. चंद्र उगवताना झाडाच्या, टेकडीच्या मागून केवढा तरी मोठा वाटतो. डोक्यावर आला की आक्रसतो. लोक म्हणतात, बघा सुपरमून! पण ती आपल्या मेंदूची फसगत आहे, सुपरमून नाही. रोजच्या पौर्णिमेला तसंच वाटतं. आज उगवताना एकदा मोजा आणि अकरा वाजता परत मोजा. उगवतीचा चंद्र मोठा निघणार नाही. उलट क्षितिजावरचा चंद्र आपल्यापासून डोक्यावरच्यापेक्षा थोडा लांबच असतो, मध्ये पृथ्वीच्या अर्ध्या जाडीचा फरक पडतो म्हणून. जो मोठा वाटतो तो लांब असतो, हे चंद्राच्या बाबतीत खरं. गावातल्या मोठ्या माणसांच्या बाबतीत तुम्हीच ताडून बघा.

आता चंद्र खरंच काही करतो का? करतो. मी मुंबईला गोदीत माल उतरवतो, म्हणून हे सांगायचा मला हक्क आहे. इंदिरा डॉकमध्ये पाणी दारं लावून कोंडलेलं असतं. बाहेरचा समुद्र मात्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. उधाणाला मुंबईचं पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होतं, म्हणजे जवळजवळ तीन माणसं एकावर एक उभी करा तेवढं. भाऊच्या धक्क्यावर जाऊन पायऱ्या मोजून बघा. मोठ्या बुडाचं जहाज भरती बघूनच आत घ्यावं लागतं. फाळक्यात आमची टोळी कधी उतरणार हे वर मुकादम ओरडून सांगतो, पण मुकादमाच्याही वर चंद्र असतो.

ही ओढ अंतरानं फार झपाट्यानं बदलते. चंद्र सरासरीपेक्षा सात टक्के जवळ आला की भरती उठवणारा जोर साधारण पंचवीस टक्क्यांनी वाढतो. म्हणून सुपरमूनच्या पुढच्या एकदोन दिवसांत उधाण जरा जास्त चढतं. टोळीतला जुना माणूस पाण्याकडे बघून तिथी सांगतो. पण कोष्टक छापलेलं असतं ऑफिसात. अंगातलं ज्ञान आमचं, टेबलावरचा कागद दुसऱ्याचा. वेशीवर जे होतं तेच गोदीत.

आणि कोष्टक ज्याच्या हातात नाही त्याला काहीही सांगून गप्प करता येतं. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. दुपारी ४.४८ मीटरची भरती. पाच दिवस आधी पौर्णिमा झालेली, चंद्र जवळचा. मग सांगायला मोकळे, समुद्रानं पाणी घेतलं नाही, निसर्गाचा कोप. अरे, भरतीची वेळ आणि उंची किती तरी आधी छापलेली असते! चंद्रानं कुणाला फसवलं नाही. मिठी नदीत भराव कुणी टाकला, नाले कुणी बुजवले, त्याचं कोष्टक कुठंय? साकीनाक्याला दरड कोसळली ती झोपड्यांवर. चंद्राच्या नावावर माणसांचे गुन्हे खपवू देऊ नका.

इथं समुद्र नाही, मग आपल्याला काय, असं म्हणाल. तर आपल्या पायाखालच्या जमिनीबद्दल बोलू. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या बाजूला जमिनीतून आवाज येतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. २१ मार्च २०२४ ला सकाळी आणि १० जुलै २०२४ ला सकाळी हिंगोली जिल्हा हलला, दोन्ही वेळा ४.५ तीव्रता. आता सुपरमून आला की मोबाइलवर फिरायला लागतं, चंद्र जवळ आला, भूकंप होणार. २०११ साली जपानच्या सुनामीच्या वेळीही हेच फिरलं होतं. सुपरमून होता १९ मार्चला, भूकंप झाला ११ मार्चला, तेव्हा चंद्र अर्धाच होता. आणि आपले दोन धक्के? वही काढा. मार्च २०२४ मध्ये चंद्र लांबच्या टोकाला होता २३ तारखेला, धक्का २१ ला. जुलैमध्ये लांबच्या टोकाला १२ तारखेला, धक्का १० ला. दोन्ही वेळा चंद्र लांबच. यावरून उलटा नियम काढू नका, दोन ओळींचा नियम होत नसतो. पण जवळच्या चंद्राच्या नावानं भीती घालणाऱ्याचं तोंड बंद करायला दोन ओळी पुरतात. भूकंपाचं भय खरं आहे, त्याचा उपाय पक्कं घर. ते कुणाच्या वाट्याला येतं आणि कुणाच्या डोक्यावर पत्रा आणि दगड राहतात, हे विचारा.

चंद्र जमीनसुद्धा हलवतो, बरं का. समुद्र चढतो तशी खडकाची जमीनही दिवसातून दोनदा फूटभराच्या आसपास फुगते आणि बसते. आपण तिच्याबरोबरच वरखाली होतो म्हणून कळत नाही. पण लवकरच इथं एक यंत्र येणार आहे, त्याला ते कळेल.

औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो होतंय. काटकोनात दोन नळ्या, एकेक चार किलोमीटर लांब, आत लेसरचा किरण. दूर आभाळात दोन कृष्णविवरं आदळली की अवकाशात लाट उठते. ती लाट इथून जाताना नळीच्या लांबीत जो फरक पडतो तो प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, आणि तो मोजायचा आहे. अमेरिकेतल्या अशा यंत्रांनी पहिली लाट पकडली १४ सप्टेंबर २०१५ ला. इथल्या यंत्रासाठी एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं २,६०० कोटी रुपये मंजूर केले. आता बघा, चंद्राच्या ओढीनं त्या चार किलोमीटरच्या लांबीत मिलिमीटरच्या काही दशांशाचा फरक रोज पडतो. प्रोटॉनपुढे हा फरक म्हणजे डोंगर. म्हणून रोज, दर घडीला, यंत्राला आधी चंद्राचा हिशोब चुकता करावा लागतो, मगच आभाळाच्या पलीकडचं ऐकू येतं. म्हणजे या तालुक्यात चंद्र समजणं हे आता कोजागिरीचं कौतुक राहिलेलं नाही. ते इथलं काम आहे. रोजंदारीसारखं रोजचं.

आणि ते काम कोण करणार?

या औंढ्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. नरसीचे नामदेव, जातीचे शिंपी, देवळापुढे कीर्तन करत होते. त्यांना हाकललं, ते मागे जाऊन गायला लागले, आणि देऊळच फिरलं. गोष्ट गोड आहे. पण दोस्तांनो, देवळं गोष्टीत फिरतात. लायगोचं फाटक फिरणार नाही. फाटकातून आत जायला पास लागतो. मी गोदीवाला आहे, फाटक आणि पास यातलं मला कळतं. पासवर दोन रंग असतात, एक माल उचलणाऱ्याचा आणि एक माल मोजणाऱ्याचा.

२०१६ साल आठवा. १७ जानेवारीला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याला कार्ल सेगनसारखं विज्ञानावर लिहायचं होतं, ताऱ्यांवर लिहायचं होतं. अखेर लिहायला मिळतंय ते हे एकच पत्र, असं त्यानं जाताना लिहिलं. पंचवीस दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, जगाला सांगितलं गेलं की अवकाशातली लाट सापडली. आणि बरोबर एका महिन्यानं, १७ फेब्रुवारीला, भारतातल्या लायगोला तत्त्वतः मंजुरी मिळाली. या तीन तारखा मी एका ओळीत मांडतोय, कारण पेपरांनी त्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या. ज्या पोराला तारे लिहायचे होते तो गेला, आणि तारे ऐकायचं यंत्र त्याच महिन्याभरात मंजूर झालं. आता त्या यंत्राच्या आसपासच्या शंभर गावांत किती रोहित आहेत? त्यांना आत घ्यायला आपण काय मागणार?

आपण दान मागायचं नाही. दे दान म्हणत फिरायचे दिवस आपण जाळलेत. आपण मागायचं ते हक्कानं. इथल्या जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत चालणारी प्रयोगशाळा. इथल्या आयटीआयत, पॉलिटेक्निकमध्ये लेसर, व्हॅक्यूम, इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण, आणि तिथून सरळ आत उमेदवारी. कॉलेजात पोचलेल्या पोरापोरींची शिष्यवृत्ती वेळेवर. वॉचमन, माळी, गवंडी ही कामं वाईट नाहीत, मी स्वतः ओझंवाला आहे. पण जमीन ज्या शिवाराची, त्या शिवाराची पोरं फक्त भिंतीच्या बाहेरून बघणार असतील तर ती वेस पुन्हा बांधल्यासारखी आहे. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं. तहान तर होतीच, पण ते तळं आपलंही आहे हे सांगायला घेतलं. आभाळाचंही तसंच आहे.

आणि मागणी करायच्या आधी, आजपासून, आपल्या हातात आहे ते करायचं. मी मुंबईहून काही आणलं नाही, ह्या दोनशे पानी चार वह्या आणल्यात. एकेका वहीला एकेक टोळी करा. टोळीत निम्म्या पोरी पाहिजेत. पौर्णिमेला, ग्रहणाला बाईच्या हातातली विळी काढून घेतली, पोटुशी बाई अंधाऱ्या खोलीत कोंडली, तिच्या लेकराचा ओठ फाटका निघाला तर दोष तिलाच दिला. तिनं आधी पट्टी धरायची. सप्टेंबरच्या पावसानं कितीतरी घरांचं सोयाबीन नेलंय, माणसं फडावर जातील, मुकादमाची उचल घेतलेली आहे, हे मला ठाऊक आहे. फडावर जाणाऱ्यानं पट्टी बरोबर न्यावी. चंद्र साखर कारखान्याच्या आवारातूनही दिसतो.

आजपासून चौदा पौर्णिमा. प्रत्येक पौर्णिमेची एक ओळ. तारीख, वेळ, गाव, आकडा, मोजणाऱ्याचं नाव. एकानं मोजून भागत नाही, दहा जणांनी मोजा आणि सरासरी काढा. आकडा चुकीचा वाटला तरी खोडायचा नाही, जसा आला तसा लिहायचा. पावसाळ्यातल्या तीन-चार पौर्णिमा ढग खातील. त्या ओळीवर ढग लिहा. न बघता आकडा लिहिला तर आपल्यात आणि पंचांगवाल्यात फरक राहिला नाही. बुद्धपौर्णिमा १ मे २०२६ ला आहे. त्या दिवशीचा चंद्र बारक्यांतला बारका असणार, ७० च्या जवळ. जयंती-पौर्णिमेला आपण खीर वाटतो, तशी त्या रात्री पट्टीही वाटा. बुद्धाचा चंद्र लहान निघाला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. खरं निघालं पाहिजे.

चौदा ओळी झाल्या की त्यांचा आलेख काढा. आकडा चढत जाईल, ३१ मे ला टोकाला पोचेल, मग उतरत येईल. त्या चढउतारात चंद्राची चेपलेली वाट तुमच्या स्वतःच्या हातानं उमटलेली असेल. ती घेऊन शाळेत जा, तहसीलदाराकडे जा, लायगोच्या फाटकावर जा, आणि सांगा, हे आम्ही मोजलंय, आता पुढचं शिकवा.

सहा वाजत आलेत. पूर्वेला उजेड धरलाय. देवळात त्रिपुरीचे दिवे लागतील, ज्याला जायचं त्यानं जावं. आपल्याला इथं काम आहे. आज पौर्णिमा भरते संध्याकाळी ६ वाजून ४९ मिनिटांनी. पहिला आकडा आत्ता घ्या, दुसरा अकरा वाजता. पट्टी कुणाकडे आहे? पोरी, तू ये पुढे. वही उघड. पहिल्या पानावर तारीख टाक, खाली तुझं नाव घाल. पुरं नाव.

जय भीम!